बेलीफ शेतघर (केंट, पंधरावे शतक) : पुन्हा उभारलेल्या लाकडी सांगाड्यात पुरावा कोणता आणि तर्क कोणता?

प्रश्न : वास्तुविद्यार्थिनी

नमस्कार. मी मध्ययुगीन इंग्लंडमधील लाकडी सांगाड्याच्या घरांचा अभ्यास करीत आहे. ससेक्समधील सिंगलटन येथे वील्ड अँड डाउनलँड हे खुले संग्रहालय आहे आणि तेथील बेलीफ (Bayleaf) या शेतघराशी माझा अभ्यास बराच काळ अडून राहिला आहे. हे घर मुळात केंट परगण्यातील चिडिंगस्टोनचे. बाउ बीच येथील जलाशयाच्या क्षेत्रात येत असल्यामुळे १९६८-६९ मध्ये त्याचा सांगाडा सोडवण्यात आला आणि १९७१-७२ मध्ये तो संग्रहालयाच्या आवारात पुन्हा उभा राहिला.

ज्यांनी हे घर पाहिलेले नाही त्यांच्यासाठी रचना थोडक्यात सांगते. घर चार खणांचे आहे. मधले दोन खण मिळून एक मोठे दालन होते. त्यावर माडी नाही, त्यामुळे जमिनीवर उभे राहिले की नजर थेट छपराच्या वाशांपर्यंत जाते. दालनात जमिनीवरच उघडी आगटी आहे आणि धुराडे नाही. एका टोकाच्या खणात खाली दोन कोठाराच्या खोल्या व वर माडी, तर दुसऱ्या टोकाच्या खणात खाली बैठकीची खोली व वर कुटुंबाची खाजगी खोली आहे. समोरून पाहिले तर दोन्ही टोकांच्या माड्या खालच्या भिंतीच्या पुढे आलेल्या दिसतात, मधले दालन मात्र आत राहते, आणि तरीही छपराची वळचण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ रेषेत जाते.

माझ्या शंका अशा आहेत. घर उतरवले गेले तेव्हा दालनात नंतरच्या पिढ्यांनी बांधलेले धुराडे होते आणि मध्ये मजलाही घातलेला होता. पुन्हा उभारताना ते दोन्ही वगळण्यात आले. मग आज आपण पाहतो ते मोकळे दालन, त्यातील गजांच्या खिडक्या, दारांच्या जागा हे सगळे कोणत्या आधारावर ठरवले गेले? दुसरी शंका अशी की माड्या पुढे काढण्यामागे बांधणीचे काही कारण होते की केवळ दर्शनी थाट? आणि तिसरी शंका मला सर्वांत अवघड वाटते. ज्या घराची जागा बदलली, ज्यात नवे ओक लाकूड जोडले गेले आणि ज्यातून काही शतकांची भर काढून टाकली गेली, त्या घराला अभ्यासाच्या दृष्टीने मध्ययुगीन घर म्हणावे का? जाणकारांनी सविस्तर लिहिले तर मी आभारी राहीन.

उत्तर १ : काष्ठशिल्प

आपला पहिला प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून त्यावर जरा विस्ताराने लिहितो. दगडी किंवा विटांच्या भिंतीतून एखादी खिडकी बुजवली तर ती कधीकाळी तेथे होती हे सिद्ध करणे कठीण जाऊ शकते, पण लाकडी सांगाड्यात कोणताही भाग काढून टाकला तरी त्याची खाच मागे उरते. ती खाच पाचशे वर्षांनंतरही पुसली जात नाही, कारण ती खांबाच्या किंवा तुळईच्या अंगात पटाशीने कोरलेली असते. ज्यांनी बेलीफ पुन्हा उभारले त्यांच्यापुढे हा कोरीव पुरावा होता, आणि माझ्या मते या घराच्या पुनर्बांधणीचे खरे बळ त्यातच आहे.

खिडकीचे उदाहरण घ्या. त्या काळी सामान्य शेतघरांच्या खिडक्यांना काच नसे. चौकोनी लाकडी गज कोन पुढे येईल असे तिरपे उभे केले जात आणि आतल्या बाजूने फळीची झडप सरकवून किंवा लावून खिडकी बंद होई. गज नाहीसे झाले, खिडकी बुजवली गेली, तरी वरच्या तुळईच्या खालच्या अंगाला शंकरपाळ्याच्या आकाराच्या खाचांची ओळ राहते. ती ओळ कोठे सुरू होते व कोठे संपते यावरून खिडकीची रुंदी कळते, खाचांच्या संख्येवरून गज किती होते ते कळते आणि बाजूला सरळ खोबण असेल तर झडप सरकती होती हे कळते. येथे तर्काला फारसा वावच राहत नाही.

भिंतींचेही असेच आहे. दोन खांबांमधली जागा कुडाने भरली जाई. वरच्या आडव्या लाकडाच्या खालच्या अंगाला गिरमिटाने भोके पाडत, खालच्या लाकडावर खोबण किंवा खाचा करीत, त्यांत ओकच्या चिरफळ्यांचे उभे दांडे बसवत, त्यांभोवती हेझलच्या लवचीक काठ्या विणत आणि मग माती, शेण व चिरलेला पेंढा यांचा लगदा दोन्ही बाजूंनी थापत. जेथे वरच्या लाकडाला अशी भोके सापडतात तेथे भिंत होती. जेथे भोकांची ओळ मध्येच तुटते आणि बाजूच्या खांबांवर चौकटीच्या लाकडाचे कुसू (खाचेत शिरणारी लाकडाची जीभ) बसण्याची खाच दिसते तेथे दार होते. कोठाराच्या बाजूची दोन जोडीची दारे आणि दालनातून आरपार जाणाऱ्या वाटेची समोरासमोरची दोन दारे या प्रकारच्या घरांत इतक्या नियमाने आढळतात की एक दार सापडले की दुसऱ्याचा शोध कोठे घ्यायचा हे आधीच ठाऊक असते.

आता दालन मोकळे होते हे कशावरून? याला सर्वांत बोलका पुरावा काजळीचा. धुराडे नसलेल्या दालनातला धूर वर चढून छपरात साठे आणि दोन्ही टोकांना छपराच्या उतारावर ठेवलेल्या लहान त्रिकोणी झरोक्यांतून हळूहळू बाहेर पडे. त्यामुळे दालनावरचे वासे काळे कुळकुळीत होत. नंतर घातलेला मजला आणि धुराडे यांनी धूर अडवला तरी आधीची काजळी लाकडावर तशीच राहते. शिवाय नंतर घातलेल्या मजल्याच्या तुळया मूळ खांबांना कशा जोडल्या आहेत हेही पाहावे. मूळ जोड सांगाडा उभा राहण्यापूर्वी जमिनीवर केलेले असतात. उभ्या सांगाड्यात मागाहून तुळई घुसवायची असेल तर दोन्ही टोकांचे कुसू एकाच वेळी खाचांत बसवता येत नाहीत; सुताराला खाच एका बाजूने उघडी ठेवावी लागते किंवा तुळई वेगळ्या आधारावर ठेवावी लागते. सरावलेल्या नजरेला हा फरक लगेच कळतो.

सांध्यांविषयीही दोन शब्द लिहायला हवेत, कारण घराचे सौंदर्य तेथे आहे असे मला मनापासून वाटते. ओक ओला असतानाच घडवला जाई; तो वाळत ठेवण्याची पद्धत सांगाड्यासाठी नव्हती. खुंटीसाठी खाचेच्या लाकडात पाडलेले भोक आणि कुसवातले भोक मुद्दाम एका रेषेत ठेवत नसत. कुसवातले भोक सांध्याच्या खांद्याकडे थोडे सरकवलेले असे. निमुळती खुंटी ठोकली की ती कुसवाला आत ओढून घेई आणि सांधा आवळला जाई. पुढे लाकूड वाळले की ते थोडे वाकडेही होई, आणि म्हणूनच अशा घरांच्या तुळया आज ओळंब्यात दिसत नाहीत. परंतु सांधे सुटत नाहीत.

सर्वांत कुशल सांधा खांबाच्या माथ्यावर असतो. तेथे तीन लाकडे एकत्र येतात: खांब, भिंतीच्या माथ्यावरून लांबवर जाणारी तुळई आणि घराच्या रुंदीवर आडवी टाकलेली ताण घेणारी तुळई. यासाठी झाडाचा बुंधा उलटा उभा केला जाई, म्हणजे मुळाकडचा रुंद भाग वर येई. त्या रुंद माथ्यावर दोन कुसू कापत. एक भिंतीवरच्या तुळईत शिरे आणि दुसरा आडव्या तुळईत. शिवाय आडवी तुळई भिंतीवरच्या तुळईवर पारव्याच्या शेपटीच्या आकाराच्या खाचेत बसे, त्यामुळे छपराचा दाब भिंतींना बाहेर ढकलू लागला तरी ती त्यांना धरून ठेवी. इंग्लंडच्या आग्नेय भागात हा सांधा शतकानुशतके जवळजवळ न बदलता वापरला गेला.

छपराविषयी एवढेच सांगतो की या घराला आढे नाही. वाशांच्या जोड्या शेंड्याला एकमेकांत अडकवलेल्या असतात आणि प्रत्येक जोडीला मध्यावर एक आडवे लाकूड असते. या सर्व आडव्या लाकडांच्या खालून एक लांब तुळई घराच्या लांबीभर जाते, आणि तिला उचलून धरणारा आखूड खांब दालनाच्या मधोमध, कमानदार आधारांवरच्या आडव्या तुळईवर उभा असतो. त्या आखूड खांबापासून चहूकडे फुटलेले वक्र आधार नसते, तर वाशांच्या जोड्या वाऱ्याच्या जोराने एका बाजूला कलंडल्या असत्या. दालनात बसलेल्या पाहुण्याची नजर सहजच या खांबाकडे जाई, म्हणून अनेक घरांत त्याला कोरीव माथा आणि तळ दिलेला असतो.

उत्तर २ : तुळईखांब

पुढे काढलेल्या माड्यांबद्दल लिहितो. शहरात रस्त्याला लागून घर असेल तर वरच्या मजल्यावर थोडी जागा वाढते, हे कारण नेहमी सांगितले जाते. परंतु चिडिंगस्टोनच्या मोकळ्या शिवारात जागेची टंचाई कसली? बांधणीचे कारण मात्र आहे. माडीच्या कड्या (मजल्याच्या फळ्या तोलणारी आडवी लाकडे) खालच्या भिंतीच्या बाहेर काढल्या आणि त्यांच्या टोकांवर वरची भिंत उभी केली की भिंतीच्या भाराने कड्यांचा मधला भाग थोडा वर उचलला जातो व माडीची झुलण कमी होते. शिवाय त्या बाजूला दोन मजले उंचीचा एकसंध खांब लागत नाही, आणि मधल्या उंचीवर अनेक खाचा पडून खांब कमजोर होण्याचा धोकाही टळतो. पावसाचे पाणी खालच्या कुडाच्या भिंतीपासून दूर पडते, हा आणखी एक लाभ.

तरीही मी थाट हेच मुख्य कारण मानतो. बेलीफमध्ये माड्या समोरच्या अंगाला पुढे आल्या आहेत. लोकांनी पाहावे ती बाजू हीच. दालन मध्ये आत राहिल्यामुळे वळचणीची सरळ रेषा टिकवण्यासाठी भिंतीच्या माथ्यावरची तुळई तेथे अधांतरी न्यावी लागते आणि तिला टोकांच्या खणांपासून निघणाऱ्या वक्र आधारांनी तोलावे लागते. एवढा खटाटोप केवळ पावसासाठी कोणी केला नसता. १३४८-४९ च्या प्लेगच्या साथीनंतर मजुरी वाढली, जमिनी एकत्र झाल्या आणि केंटमधील स्वतंत्र शेतकऱ्यांच्या हाती पैसा आला. पंधराव्या शतकात या नमुन्याची घरे केंट व ससेक्समध्ये मोठ्या संख्येने उभी राहिली ती या वर्गामुळे. सरदाराच्या वाड्यातील दालन, वरचा मानाचा भाग आणि खालचा सेवेचा भाग ही सारी रचना त्यांनी एका छपराखाली आटोपशीरपणे आणली. मानाच्या बाजूला मोठी उंच खिडकी आणि मालकाचे मेज, उलट बाजूला ये-जा व कोठारे. घरात पाऊल टाकताच कोणाचे स्थान कोठे हे समजावे, अशी ही मांडणी आहे.

आणखी एक बारकावा पाहण्यासारखा आहे. त्या काळच्या माडीच्या कड्या आडव्या घातलेल्या असतात, म्हणजे त्यांची रुंदी उंचीपेक्षा जास्त असते. आजचा कोणताही अभियंता त्या उभ्या घालील, कारण उभी कडी कमी लाकडात जास्त भार घेते. सुतारांनी पुढच्या शतकांत हळूहळू तसे केलेही. म्हणून आडव्या, जाड, जवळजवळ घातलेल्या कड्या दिसल्या की मजला जुना असण्याची शक्यता वाढते, आणि उभ्या, सडपातळ कड्या दिसल्या की तो मागाहून घातला असावा असा संशय घ्यावा.

उत्तर ३ : जीर्णोद्धार

वरील दोन्ही उत्तरे अभ्यासपूर्ण आहेत, पण तिसऱ्या शंकेला त्यांनी हात घातलेला नाही आणि मला तीच शंका सर्वांत मोलाची वाटते. मी येथे थोडा विरोधी सूर लावतो.

धुराडे आणि मधला मजला हेसुद्धा घराचा इतिहासच होते. उघड्या आगटीचे दालन सोडून धुराडे बांधणे हा इंग्लंडच्या ग्रामीण जीवनातील मोठा बदल होता. धूर नळीत बंदिस्त झाला म्हणून दालनावर मजला घालता आला, खोल्या वाढल्या, खाजगीपणा वाढला. एखाद्या घराने हा बदल अंगावर वागवला असेल, तर तो काढून टाकताना आपण घराच्या आयुष्याचा मोठा भाग वगळतो. विल्यम मॉरिस आणि फिलिप वेब यांनी १८७७ मध्ये प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठी जी संस्था स्थापली तिचा आग्रह नेमका हाच होता: एका आवडत्या काळाकडे वास्तू मागे नेऊ नये, जे आहे ते नित्य निगेने टिकवावे, दुरुस्ती दुरुस्तीसारखी दिसू द्यावी. त्या काळी कित्येक मध्ययुगीन चर्चमधील नंतरच्या शतकांचे काम उखडून ती अधिक मध्ययुगीन दिसावीत असे नवे काम केले जात होते, त्याविरुद्ध हा आवाज होता.

याच विचाराचे एक चांगले उदाहरण ससेक्समध्येच आहे. आल्फ्रिस्टन येथील पाद्र्याचे घर हेही बेलीफच्याच नमुन्याचे, मोकळ्या दालनाचे, गवताने शाकारलेले घर. नॅशनल ट्रस्टने १८९६ मध्ये ते १० पौंडांना घेतले आणि त्या संस्थेच्या मालकीची ती पहिली इमारत ठरली. घर अगदी मोडकळीस आले होते, तरी ते मूळ जागी राखून दुरुस्त केले गेले. गावातले चर्च शेजारी, नदीचे खोरे मागे, अशा जागी ते घर का आहे हे पाहणाऱ्याला आपोआप समजते. बेलीफला ती सोय उरलेली नाही.

दुसऱ्या टोकाचे उदाहरण यॉर्कमधील बार्ली हॉल. नंतरच्या बांधकामांत दडलेले हे मध्ययुगीन घर यॉर्कच्या पुरातत्त्व ट्रस्टने १९८७ मध्ये घेतले, १४८३ च्या सुमाराचे रूप त्याला द्यायचे ठरवले आणि १९९३ मध्ये ते लोकांसाठी खुले झाले. तेथे नवे लाकूड पुष्कळ आहे, खिडक्यांना शिंगाचे पातळ पापुद्रे बसवलेले आहेत, सारे कसे नवेकोरे दिसते. शिकवण्याचे साधन म्हणून ते उत्तम आहे, पण त्यातील कोणते लाकूड पुरावा आहे आणि कोणते स्पष्टीकरण आहे हे सामान्य पाहुण्याला वेगळे करता येणार नाही अशी मला भीती वाटते.

वास्तुरक्षणाची आंतरराष्ट्रीय तत्त्वे सांगणाऱ्या १९६४ च्या व्हेनिस सनदेत याविषयी स्पष्ट कलमे आहेत. सातव्या कलमाप्रमाणे वास्तू तिच्या इतिहासापासून आणि परिसरापासून तोडता येत नाही. तिच्या रक्षणासाठी भागच पडले तर हलवण्याची मुभा आहे. नवव्या कलमाप्रमाणे जेथे तर्क सुरू होतो तेथे पुनर्स्थापना थांबली पाहिजे. बाराव्या कलमाप्रमाणे नवा भाग मूळ रूपाशी जुळणारा असावा, पण मूळ भागापासून ओळखता यावा. बेलीफ सातव्या कलमाच्या कसोटीस उतरते, कारण जलाशयापुढे दुसरा मार्ग नव्हता. बाराव्या कलमाच्याही कसोटीस बहुतांशी उतरते. परंतु अकरावे कलम म्हणते की वास्तूत सर्व काळांनी घातलेल्या भरीचा मान राखावा, आणि खालचा थर उघड करण्यासाठी वरचा काढायचा असेल तर वरच्याचे मोल अल्प व खालच्याचे फार मोठे असले पाहिजे. धुराड्याचे मोल खरोखर अल्प होते का, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

उत्तर ४ : वलयवाचक

जीर्णोद्धार यांचा आक्षेप गंभीर आहे आणि मला तो अर्धा मान्य आहे. उरलेल्या अर्ध्याविषयी लाकडाच्या वयाकडून बोलता येते.

ओकच्या खोडात दरवर्षी एक वलय वाढते आणि पावसापाण्याप्रमाणे ते रुंद किंवा अरुंद होते. एका प्रदेशातील ओकमधील वलयांचा क्रम दुसऱ्या ओकशी जुळवत मागे मागे जात अखंड कालक्रम तयार झाला आहे, आणि तुळईतून काढलेली पेन्सिलएवढी कांडी त्याच्याशी ताडून पाहिली जाते. तुळईवर सालीपर्यंतचे शेवटचे वलय शिल्लक असेल तर झाड कोणत्या वर्षी, कधी कधी कोणत्या ऋतूत तोडले तेही सांगता येते. पण सुतार तासताना बाहेरचे मऊ रसकाष्ठ बऱ्याचदा कापून टाकी, किंवा किडीने ते खाल्लेले असते. मग रसकाष्ठात साधारण किती वलये असतात याचा अंदाज धरावा लागतो. इंग्लंडच्या ओकसाठी हा अंदाज बहुधा ९ ते ४१ वलये असा धरला जातो. म्हणूनच कालमापनाचा निकाल कित्येकदा एका वर्षाऐवजी वीस-तीस वर्षांच्या पट्ट्यात येतो.

बेलीफचा निकालही असाच पट्ट्यांत आहे आणि तो फार बोधप्रद आहे. दालन आणि कोठाराची बाजू १४०५ ते १४३० च्या दरम्यानची निघते, तर बैठकीच्या खोलीची व तिच्यावरच्या खाजगी खोलीची बाजू १५०५ ते १५१० च्या आसपासची. म्हणजे ज्याला आपण एकसंध मध्ययुगीन घर समजतो त्याच्या दोन टोकांत सुमारे पंचाहत्तर ते एकशे पाच वर्षांचे अंतर आहे. लाकूड ओलेच वापरले जात असल्यामुळे तोडणीचा काळ आणि बांधणीचा काळ जवळजवळ एकच धरता येतो, त्यामुळे या अंतराबद्दल शंका घेण्याचे कारण नाही.

याचा आपल्या वादाशी संबंध असा. संग्रहालयाने घर १४०५ च्या रूपात मागे नेलेले नाही. तसे करायचे असते तर सोळाव्या शतकाच्या आरंभीचा संपूर्ण एक खण काढावा लागला असता. त्यांनी सजावटीसाठी निवडलेला काळ १५४० च्या सुमाराचा आहे, जेव्हा जुने दालन व नवी बाजू दोन्ही उभ्या होत्या आणि आगटी अजून दालनातच पेटत होती. हा क्षण मनाने रचलेला नसून घराच्या आयुष्यात खरोखर येऊन गेलेला आहे, आणि त्या काळच्या सांगाड्याचा बहुतेक भाग हाती होता. धुराड्याचे विटांचे काम जागेवरून हलवून पुन्हा उभारले असते, तर त्यातून धुराड्याचा इतिहास कितपत कळला असता? लाकडी सांगाडा खुंट्या काढून सोडवता येतो आणि पुन्हा जुळवता येतो, कारण तो मुळातच तसा घडवलेला असतो. विटांचे काम पाडले की सांध्यातला चुना जातो आणि नव्या ठिकाणी उभे राहते ते नवेच बांधकाम असते. मूळ जागी उभ्या असलेल्या घरातून धुराडे काढणे मी कधीही मान्य करणार नाही. ज्या घराला जागा सोडावीच लागली त्याच्या बाबतीत मात्र मी संग्रहालयाच्या बाजूने आहे.

एका गोष्टीकडे सहसा लक्ष जात नाही, म्हणून नोंदवतो. सांगाडा पुन्हा जुळवता येतो यामागे सुतारांच्या खुणा आहेत. प्रत्येक लाकूड वेगळ्या वळणाचे असल्यामुळे प्रत्येक सांधा त्या दोनच लाकडांसाठी घडवलेला असे. एका खाचेत दुसऱ्या खाचेचा कुसू नीट बसत नाही. म्हणून सुतार आपल्या आवारात सांगाडा जमिनीवर आडवा जुळवून पाही, जोडीच्या लाकडांवर रोमन अंकांसारख्या रेघा पटाशीने ओढी आणि मग सगळे सुटे करून जागेवर नेई. ज्यांनी १९६८-६९ मध्ये घर उतरवले त्यांनी एका अर्थाने पंधराव्या शतकातील सुताराचेच शेवटचे काम उलट क्रमाने केले.

वास्तुविद्यार्थिनी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. वलयवाचक यांनी दिलेल्या दोन काळांमुळे माझ्या तिसऱ्या प्रश्नाचे स्वरूपच बदलले. एक उपप्रश्न राहतो. चित्रांत आणि जुन्या हॉटेलांवर अशी घरे काळ्या तुळया आणि पांढऱ्या भिंतींची दिसतात, पण बेलीफचा ओक राखाडी-तपकिरी आहे. यांपैकी खरे रूप कोणते? आणि दुरुस्तीसाठी जोडलेले नवे लाकूड प्रत्यक्ष कसे ओळखावे?

काष्ठशिल्प

इंग्लंडच्या आग्नेय भागापुरते बोलायचे तर काळ्या-पांढऱ्याचा तो ठळक विरोध बहुतांशी एकोणिसाव्या शतकातील आवडीचा परिणाम आहे. त्याआधी ओक उघडा ठेवला जाई आणि तो उन्हापावसाने चंदेरी राखाडी होई, किंवा लाकूड व कूड दोन्हींवर सरसकट चुन्याचा हात दिला जाई. सफोकमधील लॅव्हनम गावात राखाडी लाकूड आणि चुन्याचे पांढुरके थर आजही पाहायला मिळतात. पश्चिमेकडे, चेशायर व श्रॉपशायरकडे, नक्षीदार चौकटींची परंपरा वेगळी आहे, त्यामुळे बेलीफचा निष्कर्ष तिकडे सरसकट लावू नये.

हा केवळ रंगाचा प्रश्न नाही. डांबर किंवा दाट काळा रंग लाकडाच्या भेगांत पाणी अडकवून ठेवतो. त्याहून घातक म्हणजे कुडावर सिमेंटचा गिलावा. लाकूड ऋतूप्रमाणे फुगते व आकसते, सिमेंट मात्र हलत नाही. दोघांच्या मध्ये केसाएवढी फट पडते, तीतून पाणी आत जाते आणि बाहेर पडायला वाट नसल्यामुळे गिलाव्यामागे ओक कुजत राहतो. बाहेरून भिंत धडधाकट दिसते आणि आत खांबाचा तळ भुसा झालेला असतो. चुन्याचा गिलावा ओल शोषतो आणि सोडतोही, म्हणून जुन्या सांगाड्याला चुना व माती यांशिवाय दुसरे काही लावू नये या मतावर मी ठाम आहे.

नवे लाकूड ओळखण्यासाठी आधी खाली पाहावे. जोत्यावरची तुळई आणि खांबांचे तळ जमिनीच्या ओलीने सर्वांत आधी कुजतात, त्यामुळे बदललेले लाकूड बहुधा तेथेच असते. चांगली दुरुस्ती कुजलेला भाग तेवढाच कापून, उरलेल्या निरोगी लाकडाला तिरप्या सांध्याने नवा ओक जोडते. जोडाची रेघ लपवलेली नसते. त्यानंतर पृष्ठभाग पाहावा. जुन्या लाकडावर कुऱ्हाडीचे किंवा वाकसाचे उथळ घाव, दोघांनी ओढलेल्या करवतीच्या किंचित वाकड्या रेघा, लाकडाच्या कडांवर कोठे कोठे राहून गेलेला सालीचा गोलवा दिसतो. तिसरी खूण रिकाम्या खाचांची: जुन्या खांबावर आज काहीच न अडकवलेल्या खाचा व खुंट्यांची भोके असतात, नव्यावर लागतील तेवढीच असतात.

मोजणी करणार असाल तर सांगाड्याच्या प्रत्येक चौकटीचे चित्र तिच्या दर्शनी अंगाकडूनच काढा. सुतार प्रत्येक चौकटीची सगळी लाकडे एका अंगाला समपातळीत ठेवून जुळवत असे. खुंट्या त्याच अंगाने ठोकल्या जात आणि खुणाही बहुधा तेथेच असतात. बाहेरच्या भिंतींत ते अंग बाहेरच्या बाजूला असते. आतल्या चौकटींचे अंग कोणत्या दिशेला वळवले आहे हे प्रत्येक चौकटीपाशी लिहून ठेवा, कारण दालनाची मानाची बाजू कोणती आणि कोणती चौकट मागाहून आली हे त्यावरून ताडून पाहता येते. बेलीफमध्ये दोन काळांच्या बाजू जेथे मिळतात तेथील चौकटीपासून सुरुवात करावी असे सुचवतो.